क्रीडाविचार : हिरव्या बनातीवरील गुणी मंडळी

अमुक खेळ चांगला कीं वाईट, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत बहुधा खेळाकडे पाहून सोडविला जात नाहीं. तो कोठें खेळला जातो व कोणाच्या संगतींत खेळला जातो, हें पाहून सोडविला जातो. बुद्धिबळाचा पट ओटीवर मांडला, तर आजोबा स्वतः दोन डाव खेळावयास बसतात. तोच पट चहाच्या दुकानांत मांडला, तर मुलगा हातचा गेला असें ठरतें. हा न्याय अगदींच खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. धर्मराजासारख्या सत्यवचनी पुरुषानें फांशांच्या एका पटापायीं राज्य, बंधु आणि भार्या गमावल्याची कथा जो समाज लहानपणापासून ऐकत आला, त्यानें खेळाच्या जागेविषयीं सावध असावें हें स्वाभाविकच होय. परंतु सावधगिरी निराळी आणि न पाहतां दिलेला निवाडा निराळा.

हें लिहिण्यास निमित्त झालें आहे तें परभणी जिल्ह्यांतील एका वाचकांचें पत्र. सेलूकडील एका मोठ्या एकत्र कुटुंबाचे ते कर्ते पुरुष आहेत. त्यांचा सतरा वर्षांचा पुतण्या बारावीच्या अभ्यासासाठीं परभणीस राहतो. शिकवणीचा वर्ग सुटल्यावर तो रोज तास-दीड तास पूलच्या टेबलापाशीं काढतो, अशी वार्ता घरीं पोहोंचली आणि घरांत पक्ष पडले. आजोबांच्या मतें तो जुगाराचा अड्डा आहे व मुलास त्वरित घरीं आणावें. धाकट्या काकांच्या मतें मुलाचा हात असामान्य आहे व त्यास पुण्यास शिकण्यासाठीं पाठवावें. मुलाच्या आईनें अद्याप कांहींच मत दिलेलें नाहीं. मात्र ती हल्लीं जेवत नाहीं, असें पत्रांत एका ओळींत आलें आहे. शेवटीं पत्रलेखक विचारतात, "या खेळांत नांव घेण्याजोगीं माणसें आहेत तरी कोण? पुढील जागतिक स्पर्धा पाहावयाची म्हटली, तर आम्हीं कोणाकडे व काय पाहावें?"

प्रश्न फार योग्य रीतीनें विचारला आहे. ज्याचा निवाडा करावयाचा तें आधीं पाहावें, या बुद्धीनें विचारणारा कर्ता पुरुष ज्या घरास लाभला, त्या घराचें अर्धें संकट टळलें असें आम्ही समजतों. म्हणून या महिन्याचा लेख आम्ही त्या उत्तरासच देत आहों.

ज्या घरांत कॅरमचा पट आहे, त्या घरास पूल समजण्यास अर्धी घटकाहि लागणार नाहीं. टेबल नऊ फूट लांब व साडेचार फूट रुंद. त्यावर ताणून बसविलेली बनात. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशीं सहा पॉकेटें. पांढरा चेंडू हा आपल्या स्ट्रायकरच्या ठिकाणीं. त्यास क्यू नांवाच्या काठीच्या टोकानें मारावयाचें आणि त्याच्याकडून आंकडे घातलेले रंगीत चेंडू पॉकेटांत पाडावयाचे. दुकानांतून मुलें बहुधा जो प्रकार खेळतात त्यास एट-बॉल म्हणतात. एकानें १ ते ७ हे एकरंगी आणि दुसऱ्यानें ९ ते १५ हे पट्टेदार चेंडू पाडावयाचे, व ज्याचे आधीं संपतील त्यानें शेवटीं काळा ८ पाडून डाव जिंकावयाचा. जागतिक स्पर्धा मात्र नाइन-बॉल या प्रकाराची असते. तींत रंगीत चेंडू नऊच. टेबलावर ज्याचा आंकडा सर्वांत लहान असेल त्यासच पांढऱ्या चेंडूनें प्रथम स्पर्श केला पाहिजे. आणि नियम पाळून ९ चा चेंडू जो पाडील त्याचा डाव. चूक झाली तर प्रतिस्पर्ध्यास पांढरा चेंडू टेबलावर हवा तेथें ठेवण्याची मुभा मिळते, आणि या दर्जाच्या खेळाडूस एवढी मुभा देणें म्हणजे बहुधा डावच देऊन टाकणें होय.

कॅरमशीं याचा मोठा भेद एकच आहे. कॅरममध्यें प्रत्येक फटक्यापूर्वीं स्ट्रायकर उचलून आपल्या रेघेवर ठेवतां येतो. पूलमध्यें पांढरा चेंडू जेथें थांबेल तेथूनच पुढचा फटका मारावा लागतो. म्हणून रंगीत चेंडू पाडणें हें काम अर्धेंच. पाडल्यानंतर पांढरा चेंडू पुढील चेंडूसाठीं सोयीच्या जागीं आणून थांबविणें, आणि तेथूनहि त्याच्या पुढच्या चेंडूची सोय लावून ठेवणें, हें खरें काम. त्यासाठीं पांढऱ्या चेंडूच्या मध्याच्या किंचित् खालीं मारलें तर तो मागें फिरतो, वर मारलें तर पुढें धांवतो, बाजूस मारलें तर कडेवर आपटून दिशा बदलतो. हें सारें क्यूच्या टोकास लावलेल्या कातड्याच्या एवढ्याशा टिकलीवर व तिला फांसलेल्या खडूवर अवलंबून असतें. तेव्हां पत्रलेखकांस आमची पहिली सूचना ही कीं, पडणाऱ्या चेंडूकडे पाहूं नये, पांढऱ्याकडे पाहावें. पडणारा चेंडू खेळाडूच्या हाताची परीक्षा देतो, पांढरा चेंडू त्याच्या बुद्धीची.

आजोबांच्या संशयासहि इतिहासाचा आधार आहे, हें येथेंच सांगणें न्यायाचें होईल. 'पूल' या शब्दाचा संबंध पाण्याच्या डोहाशीं नसून पैजेच्या सामायिक रकमेशीं आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांस पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधल्या काळांत गिऱ्हाइकें कंटाळून जाऊं नयेत म्हणून तेथें बिलियर्डचीं टेबलें मांडीत. पुढें पैजेच्या जागेचें नांव टेबलास चिकटलें आणि नांवाबरोबर अपकीर्तिहि चिकटली. टेबलाचा दोष नव्हता. शेजार वाईट होता. परंतु तो शेजार अजून सर्वत्र सुटलेला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

आतां खेळाडूंविषयीं. जागतिक पूल अजिंक्यपदाची स्पर्धा २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षीं सौदी अरेबियांतील जेद्दा येथें झाली. तींत १२८ खेळाडू उतरतात. पारितोषिकांची एकूण रक्कम दहा लक्ष डॉलर व विजेत्याचा वांटा अडीच लक्ष डॉलर असे. पुढील स्पर्धा जेव्हां पाहावयास मिळेल तेव्हां ज्यांच्यावर नजर ठेवावी अशीं नांवें पुष्कळ आहेत; आम्ही सहाच निवडलीं आहेत, आणि निवडतांना प्रत्येकापासून घरांतील तरुणांस कांहीं शिकतां यावें हें धोरण ठेवलें आहे.

पहिलें नांव फिलिपिन्सच्या कार्लो बियाडो यांचें. यांचा जन्म १९८३ चा. खेळाडू म्हणून नांवारूपास येण्यापूर्वीं हे गोल्फच्या मैदानावर इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहत. २०१७ सालीं ते जगज्जेते झाले आणि आठ वर्षांनीं, २०२५ सालीं, पुनः झाले. त्या अंतिम सामन्याचे डाव १५-१३ असे होते. परंतु यांचें खरें दर्शन घडतें तें २०२१ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत. तेरा डाव आधीं जिंकणारा विजयी, असा तो सामना होता. बियाडो ३-८ असे मागें होते. तेथून त्यांनीं लागोपाठ दहा डाव जिंकले व सामना १३-८ असा संपविला. मागें पडल्यावर धाडसी फटके मारून एकदम सर्व परत मिळवावें, ही जुगाऱ्याची वृत्ति; एका वेळीं एकच डाव पाहणें ही खेळाडूची वृत्ति. दोहोंतील अंतर ज्यास शब्दांनीं समजावितां येत नाहीं, त्यास हा सामना दाखवावा.

दुसरें नांव फेडर गोर्स्ट यांचें. २००० सालीं मॉस्को येथें जन्मलेला हा तरुण २०१९ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, जगज्जेता झाला. पुढें तो अमेरिकेंत स्थायिक झाला व २०२४ सालीं त्या देशाच्या वतीनें खेळून जेद्दा येथें पुनः अजिंक्य ठरला. अंतिम सामना अल्बानियाच्या एक्लेंट काची यांच्याशीं होता व तो १५-१४ असा, म्हणजे अगदीं शेवटच्या डावावर, सुटला. त्याच वर्षीं त्यानें अमेरिकन ओपनहि जिंकली. २०२५ सालीं बियाडो यांच्याकडून हरला तो हाच. याच्या खेळांत डोळ्यांत भरण्यासारखें फारसें कांहीं नसतें, आणि तेंच त्याचें वैशिष्ट्य. पांढरा चेंडू इतक्या सोयीच्या जागीं येऊन थांबतो कीं, प्रत्येक फटका सोपाच होता असें पाहणारास वाटतें. उत्तम गृहिणीच्या स्वयंपाकघरांत जशी धांवपळ दिसत नाहीं, तसें हें आहे.

तिसरें नांव अमेरिकेच्या शेन व्हॅन बोनिंग यांचें. एकत्र कुटुंबांतील वाचकांस हें विशेष रुचेल, कारण यांच्या घरीं हा खेळ पिढीजात आहे. आजोबा व आई दोघेंहि उत्तम खेळणारीं. त्यांच्याच टेबलापाशीं हा मुलगा वाढला. जन्मापासून त्यांस ऐकूं फार कमी येतें व ते कानास श्रवणयंत्र लावतात. सामन्याच्या वेळीं मात्र ते यंत्र बंद करून ठेवतात, म्हणजे प्रेक्षकांचा गलबला त्यांच्यापुरता नाहींसाच होतो. अमेरिकन ओपन त्यांनीं पांच वेळां जिंकली. जगज्जेतेपद मात्र अनेक वर्षें हुलकावणी देत राहून २०२२ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, हातीं आलें. जें व्यंग म्हणून घरच्यांनीं कदाचित् झांकून ठेवलें असतें, त्याचेंच त्यांनीं साधन केलें.

चौथे सिंगापूरचे ॲलॉयशस यॅप. बियाडो यांनीं ज्यांच्याकडून ३-८ वरून सामना खेंचून घेतला तेच हे गृहस्थ. असा पराभव पुष्कळांस कायमचा खच्ची करून जातो. यॅप खेळत राहिले व २०२५ सालीं त्यांनीं तीच अमेरिकन ओपन जिंकून दाखविली. एका पराभवानें परीक्षार्थी मुलांचा धीर सुटल्याच्या बातम्या वाचून ज्यांचें मन विषण्ण होतें, त्यांनीं हे चार वर्षांचे अंतर ध्यानांत ठेवावें.

पांचवा जर्मनीचा जोशुआ फिलर. वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षीं, २०१८ सालीं, हा जगज्जेता झाला. याची गति विलक्षण. इतर खेळाडू टेबलाभोंवतीं फिरून विचार करतात तेवढ्यांत याचे दोन चेंडू पडलेले असतात. नवशिक्या मुलांस हाच सर्वांत आवडतो व याचेंच अनुकरण करून तीं आपला खेळ बिघडवितात. त्याची घाई दिसते. घाईमागील हजारों तासांचा सराव दिसत नाहीं.

सहावें नांव बाईंचें आहे. फिलिपिन्सच्या रुबिलेन अमित यांनीं टेन-बॉल प्रकारांत २००९ व २०१३ सालीं जगज्जेतेपद मिळविलें व २०२४ सालीं महिलांच्या नाइन-बॉलचेंहि. पहिल्या व शेवटच्या यशांत पंधरा वर्षांचें अंतर आहे. ज्या खेळांत दांडगाईस स्थान नाहीं व दृष्टि, हात आणि धीर एवढेंच भांडवल लागतें, तो खेळ मुलांनीं खेळावा व मुलींनीं दुरून पाहावा, या वांटणीस कोणताहि आधार आम्हांस दिसत नाहीं.

फिलिपिन्सचें नांव येथें वारंवार आलें, त्याचें कारण एफ्रेन रेयेस. हे १९५४ सालीं जन्मले. लहानपणीं मनिला शहरांत एका नातलगाच्या पूलगृहांत पडेल तें काम करीत व रात्रीं टेबलावरच निजत. उंची पुरत नसे म्हणून पेट्यांवर उभें राहून खेळावयास शिकले. १९९४ सालीं अमेरिकन ओपन जिंकणारे ते पहिले परदेशी खेळाडू ठरले, आणि १९९९ सालीं कार्डिफ येथें जगज्जेते झाले. हें सांगतांना दुसरी बाजूहि लपवितां कामा नये. उमेदीच्या काळांत रेयेस पैशांच्या पैजा लावून खेळत; अमेरिकेंत प्रथम गेले तेव्हां ओळख पटूं नये म्हणून दुसऱ्याच नांवानें खेळले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गरिबीनें त्यांस तो मार्ग धरावयास लावला. खात्यापित्या घरच्या मुलास ती सबब नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. पूलच्या नाइन-बॉल प्रकारांत मोठ्यांच्या गटांतील जागतिक अजिंक्यपद २०२५ अखेरपर्यंत एकाहि भारतीयास मिळालेलें नाहीं. परंतु त्याच कुळांतील बिलियर्ड व स्नूकर या खेळांत आपला देश मागें नाहीं, आणि त्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. स्नूकरचा तर जन्मच आपल्या भूमीवरचा. १८७५ सालीं जबलपूरच्या लष्करी मेसमध्यें नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें तो रूढ केला. आपल्या पुण्यानें ज्याप्रमाणें बॅडमिंटन घडविलें, त्याप्रमाणेंच हें झालें. गोऱ्या अधिकाऱ्यांचा वेळ जात नव्हता व जगास नवे खेळ मिळत होते.

पुण्यांतच १९२२ सालीं विल्सन जोन्स यांचा जन्म झाला. १९५८ सालीं कलकत्ता येथें त्यांनीं हौशी बिलियर्डचें जागतिक अजिंक्यपद जिंकलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें जगज्जेतेपद होय. १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें त्यांनीं तें पुनः मिळविलें. सरकारनें त्यांस १९६३ सालीं अर्जुन पुरस्कार व १९६५ सालीं पद्मश्री दिली. त्यांच्या मागून मुंबईचे मायकेल फरेरा यांनीं १९७७, १९८१ व १९८३ अशा तीन वर्षीं तेंच पद जिंकलें. यांस १९८१ सालीं पद्मश्री देऊं केली असतां, क्रिकेटपटूस जो मान मिळतो तोच बिलियर्डच्या जगज्जेत्यास मिळावा, असें म्हणून यांनीं ती नाकारली. १९८३ सालीं त्यांस पद्मभूषण देण्यांत आलें. खेळाडूनें स्वतःच्या नव्हे तर खेळाच्या मानासाठीं उभें राहावें, याचें हें उदाहरण स्मरणीय आहे.

हल्लींच्या पिढींत पंकज अडवाणी यांचें नांव अर्थातच प्रथम. जन्म पुण्याचा, १९८५ चा; वाढले बंगलोरास. थोरल्या भावाबरोबर, श्री यांच्याबरोबर, खेळ पाहावयास जातां जातां हा मुलगा खेळाकडे ओढला गेला, व माजी राष्ट्रीय विजेते अरविंद सवूर यांच्यासारखा गुरु त्यास लाभला. २००३ सालीं वयाच्या अठराव्या वर्षीं तो स्नूकरचा जगज्जेता झाला, आणि २०२४ अखेर त्याच्या जागतिक विजेतेपदांची संख्या अठ्ठावीस झाली. दोहा येथें २००६ सालीं व ग्वांगझौ येथें २०१० सालीं आशियाई क्रीडास्पर्धांत त्यानें बिलियर्डचें सुवर्णपदक मिळविलें. मुंबईचे ध्रुव सितवाला यांनीं २०१५ व २०१६ अशा लागोपाठ दोन वर्षीं आशियाई बिलियर्ड अजिंक्यपद जिंकलें. मुंबईचेच आदित्य मेहता २०१३ सालीं दिल्लींत भरलेल्या व्यावसायिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचले. तेथें चीनच्या डिंग जुन्हुई यांनीं त्यांस हरविलें, तथापि अशा स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत उतरणारे ते पहिलेच भारतीय. त्याच शहराचा ईशप्रीतसिंग चढ्ढा २०२२ पासून व्यावसायिक खेळाडूंच्या मालिकेंत उतरला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत मद्रासच्या अनुपमा रामचंद्रन या तरुणीनें दोहा येथें महिलांचें जागतिक स्नूकर अजिंक्यपद जिंकलें. मोठ्या स्पर्धांच्या यादींत हीं नांवें दिसलीं, तर आमच्या वाचकांनीं तेथें अवश्य थांबावें.

हीं सर्व नांवें वाचून धाकट्या काकांचा पक्ष बळावला असेल; म्हणून कांहीं कडू गोष्टीहि सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, वरील यादींत मुंबई, पुणें, बंगलोर व मद्रास आहे. परभणी नाहीं, जालना नाहीं, नांदेडहि नाहीं. चांगलें टेबल, चांगला गुरु व बरोबरीचा प्रतिस्पर्धी हीं तिन्ही पुण्यामुंबईच्या जिमखान्यांत एकत्र सांपडतात, व जिमखान्याचें दार सभासदत्वानें उघडतें. परभणीच्या मुलानें रात्रीं देवगिरी एक्स्प्रेसमध्यें बसावें, सकाळीं मुंबईस उतरावें व त्या दारांत उभें राहून नांव नोंदवावें, हें शक्य आहे, सोपें नाहीं. दुसरी गोष्ट सरकारी आश्रयाची. हे खेळ १९९८ पासून २०१० पर्यंत आशियाई क्रीडास्पर्धांत होते. २०१४, २०१८ व २०२३ सालीं भरलेल्या स्पर्धांत नव्हते, आणि ऑलिंपिकमध्यें तर कधींच नव्हते. जेथें पदक नाहीं तेथें शिष्यवृत्ति व नोकरी यांची वाट अरुंद होते. तिसरी गोष्ट पैशाची. विजेता अडीच लक्ष डॉलर घेऊन जातो हें खरें; परंतु एकशें सत्तावीस जण त्यावांचून परत जातात. त्यांपैकीं पहिल्या फेऱ्यांतच हरणारांच्या हातीं प्रवास व निवास यांचा खर्च वजा जातां काय उरत असेल, याचा हिशेब कर्त्या पुरुषानें स्वतःच मांडावा.

मग करावें काय? आजोबांचें ऐकून मुलास आज घरीं आणलें, तर तो खेळ सोडील असें नाहीं. तो खरें बोलणें सोडील. काकांचें ऐकून बारावीच्या ऐन वर्षीं पुण्यास पाठविलें, तर सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर सबंध घराच्या आशेचें ओझें पडेल, व तें घेऊन क्यू सरळ चालत नाहीं. आमच्या मतें मधली वाट अशी. बारावीची परीक्षा पुरी व्हावी, यांत सवलत नसावी. टेबलावर पैसा ठेवून एकहि डाव खेळणार नाहीं असें मुलानें आजोबांच्या समोर कबूल करावें. हा नियम मोडला तर खेळ संपला. मग आठवड्यांतून एक दिवस घरांतील कोणीतरी वडील माणसानें त्या दुकानांत जाऊन तासभर बसावें. तेथें वडील माणसें येऊन बसूं लागलीं म्हणजे जागेचें वळणहि हळूहळू बदलतें. वाईट शेजार हटविण्याचा याहून सोपा उपाय आम्हांस माहीत नाहीं. परीक्षेनंतर एक-दोन वर्षें राज्यपातळीवरील स्पर्धांत मुलास उतरवून पाहावें. तेथें बरोबरीच्या मुलांत तो टिकला, तर पुण्याचा विचार करावा. न टिकला, तर शिक्षण हातीं आहेच. द. ब. देवधर हे पुण्यास महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत व मैदानावर महाराष्ट्राचें नेतृत्व करीत. एकानें दुसऱ्यास बाध आला नाहीं. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ सालीं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली. विरोध आणि लाड हे दोन्ही निरीक्षणाच्या मानानें सोपे असतात.

या साऱ्या विचारांत मुलाच्या आईस कोणी विचारलें आहे असें पत्रावरून दिसत नाहीं. तें प्रथम व्हावें. मुलगा किती वाजतां निजतो, पैसे कशास मागतो, हरून आला म्हणजे जेवतो कीं नाहीं, हें घरांत दुसऱ्या कोणासहि तिच्याइतकें ठाऊक नसतें. आणि निर्णयास खरा उपयोग याच माहितीचा आहे.

राहतां राहिली मुलाची योग्यता. ती ओळखण्यास घरांतील मोठ्यांनीं पूल शिकण्याची गरज नाहीं. पुढील मोठी स्पर्धा दाखविली जाईल तेव्हां आजोबा, काका, आई, बहिणी सर्वांनीं एकत्र बसावें व मुलास मध्यें बसवावें. वर सांगितलेल्यांपैकीं कोणाचाहि सामना चालेल. प्रत्येक फटक्यापूर्वीं मुलास एकच प्रश्न विचारावा : आतां पांढरा चेंडू कोठें थांबेल? तो दहांपैकीं सात-आठ वेळां बरोबर जागा दाखवील व तीच जागा कां, हें आजीस कळेल अशा शब्दांत सांगेल, तर तो परभणीच्या त्या दुकानांत वेळ घालवीत नसून कांहीं शिकत आहे, असें खुशाल समजावें. तो केवळ कोण जिंकेल व किती रक्कम नेईल एवढेंच सांगूं लागला, तर आजोबांचें म्हणणें पुनः एकदां शांतपणें ऐकून घ्यावें.